खुंट्यावरचा दुसरा हात

मराठी माणसाला नेवासं ठाऊक असतं ते ज्ञानेश्वरीमुळे. इ. स. १२९० मध्ये प्रवरेच्या परिसरात ज्ञानदेवांनी गीता मराठीत सांगितली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असं मानतात, तो पैस खांब आजही तिथे पूजेत आहे. नेवाशाची दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. १९५४ साली डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी तिथे उत्खननाला सुरुवात केली, आणि रोमशी व्यापार चालायचा त्या काळाच्या थरांत त्यांच्या हाती जाती लागली. गोल फिरणारी, दोन तळ्यांची, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची जाती. त्याआधीची माणसं धान्य रगडायची ती एका दगडावर दुसरा दगड पुढेमागे घासून, आपण पाट्यावर वाटण वाटतो तशी. फिरतं जातं ही तेव्हाची नवी युक्ती होती.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. ज्ञानेश्वरीचा छंद ओवी, आणि जात्यावर बाई गाते तीही ओवीच. ग्रंथातली ओवी साधारण साडेतीन चरणांची, जात्यावरची बहुधा दोन ओळींची, पण घराणं एक. त्यातली थोरली कोण याबद्दल मला तरी शंका नाही. ज्ञानदेवांच्या दीडेकशे वर्षं आधी कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाने काय खावं, कसं खेळावं, काय ऐकावं याची भरगच्च माहिती आहे, आणि गाण्यांच्या प्रकरणात एक छोटीशी नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. राजदरबारापर्यंत पोचलेलं हे गाणं तेव्हाच जुनं असणार.

नऊशे वर्षं टिकलेल्या या गाण्यात आहे तरी काय, असं विचाराल तर त्यातला फार मोठा भाग आभारांचा आहे. घरात सगळे झोपलेले असताना उठायचं, रिकाम्या पोटी दगड ओढायचा, आणि ओढता ओढता आभार मानायचे. कुणाचे, आणि कशासाठी? हे समजून घ्यायचं तर आधी जातं समजून घ्यावं लागतं.

जातं होतं काळ्या पाषाणाचं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या लाव्ह्याने घडला, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आला आणि थिजला. त्याच थिजलेल्या लाव्ह्यातून पाथरवटाने दोन गोल तळ्या काढायच्या. खालची जागची हलत नाही, तिच्या मधोमध एक खुंटी असते. वरची त्या खुंटीवर तोललेली असते, तिच्या मध्यावर भोक आणि कडेला उभा लाकडी खुंटा. भोकातून मूठमूठ धान्य सोडायचं. ते दोन दगडांच्या फटीत सापडतं, भरडत भरडत बाहेर सरकतं आणि कडेने पीठ होऊन चहूकडे पडतं. सगळी करामत त्या फटीत आहे. मधल्या खुंटीवर चिंधीची चकती बसवली की वरची तळी केसभर उचलली जाते आणि डाळीची भरड निघते. चकती काढली की बारीक पीठ. दगडाची तोंडं झिजून गुळगुळीत झाली की धान्य नुसतं घरंगळतं, म्हणून अधूनमधून पाथरवटाकडून टाकी लावून ती पुन्हा खरबरीत करून घ्यायची. ओव्यांमध्ये जात्याला देव म्हटलेलं आहे, डोंगरातून आलेला ऋषी म्हटलेलं आहे. भूशास्त्र न शिकता वय बरोबर ओळखलं म्हणायचं.

आणि जातं एकटीने ओढता येत असलं, तरी त्याची खरी रचना दोघींसाठी असते. समोरासमोर बसायचं, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एकीने ओढलं की दुसरीने लोटायचं. लय चुकली की खुंटा अडतो आणि खांद्याला हिसका बसतो. त्यामुळे लय धरून ठेवायला काहीतरी हवं असतं, आणि तिथे गाणं येतं. एक बाई ओळ म्हणते, दुसरी तीच ओळ उचलते. ओळ दुमडली जाते, मध्ये सखीला हाक मारली जाते, शब्द ओढून लांबवले जातात. कागदावर दोन ओळींची दिसणारी ओवी जात्यावर बराच वेळ पुरते. ही पुनरावृत्ती निव्वळ हौस नव्हे. समोरची ओळ घोळवते आहे तेवढ्या अवधीत पहिलीला पुढची ओळ जुळवायला सवड मिळते, आणि यमक आधीच ठरलेलं असल्यामुळे निम्मं काम झालेलं असतं. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण म्हणजे कारागिरीची अगदी नेमकी नोंद आहे.

प्रयोगशाळांनी अलीकडे या बाबतीत जे शोधलं ते वाचून मजा वाटते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००९ साली वल्हवणाऱ्या खेळाडूंची चाचणी घेतली. एकट्याने वल्हवल्यावर आणि सगळ्यांनी एका लयीत वल्हवल्यावर, श्रम तेवढेच असताना, लयीतल्या गटाची वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढलेली आढळली. २०१३ मध्ये जर्मनीतल्या लाइप्झिगच्या संशोधकांनी व्यायामाची यंत्रं अशी जोडली की अंग हलवलं की त्यातून संगीत निघावं. नुसतं संगीत ऐकत व्यायाम करणाऱ्यांपेक्षा, स्वतःच्या हालचालीतून संगीत घडवणाऱ्यांना श्रम कमी जाणवले. दोन्ही गोष्टी एकाच दगडात बसवलेलं यंत्र आपल्याकडे माजघरात पडून होतं.

खुंट्यावर दुसरा हात लागतो, ही गोष्ट लक्षात ठेवली की जनाबाईची कथा वेगळीच दिसू लागते. गंगाखेडची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या घरी आली आणि दासी म्हणून राहिली. लोककथा सांगते की विठ्ठल तिला दळू लागायचा. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात आणि वारकरी ते हाताने फिरवून पाहतात. देवाने भक्तासाठी चमत्कार करायचा तर सोन्याच्या मोहरा पाडता आल्या असत्या, दळणाची पोती आयती भरता आली असती. पण ही कथा ज्यांनी जपली त्या बायकांना काय हवं होतं ते बघा. त्यांनी देवाला काम टाळायला लावलं नाही, समोर बसायला लावलं. दासीच्या समोर बसून खुंटा ओढायला कुणी नाही, म्हणून तिथे विठ्ठल आला. ज्याने स्वतः कधी जातं ओढलं नाही, त्याला ही कथा रचता आली नसती असं मला वाटतं.

आता आभारांकडे. ओव्यांची एक जुनी रीत म्हणजे मोजत जाणं. पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला, तिसरी आणखी कुणाला. गणपती, विठ्ठल, तुळस, उगवणारा सूर्य. मग आई, वडील, भाऊ, लेक. शेजारीण. कपाळाचं कुंकू. खुद्द जातं. आपण कुणामुळे उभ्या आहोत याची ती यादी असते, आणि ती रोज पुन्हा नव्याने म्हणायची असते. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, जिच्या हातात घराच्या तिजोरीची किल्ली नाही, तिच्याकडे एवढी एक खतावणी होती. देणं कुणाचं किती, हे तीच ठरवायची. भाऊ बरेच दिवस फिरकला नाही तर तेही त्यात यायचं. दळण आवरताना ते संपलं असं तोंडाने म्हणायचं नाही, सुपात थोडे दाणे राखायचे, आणि सासर-माहेर दोन्हीकडच्या राशी भरलेल्या राहोत असं म्हणून उठायचं, ही रीतही त्यातलीच.

कृतज्ञतेवर हल्ली पुष्कळ लिहिलं जातं, आणि त्यातलं बरंचसं मला गुळमट वाटतं. त्यामागचा मूळ प्रयोग मात्र चांगला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका गटाने आपण ज्यांबद्दल ऋणी आहोत अशा गोष्टींची यादी नियमित लिहायची, दुसऱ्याने कटकटींची, तिसऱ्याने नुसत्या घटनांची. पहिल्या गटाला आयुष्य एकूण बरं चाललंय असं अधिक वाटलं. पण जात्यावरच्या बाईला कुठल्या गटात बसवणार? तिने या याद्या कधी वेगळ्या केल्याच नाहीत. आईच्या मायेची ओवी झाली की पाठोपाठ बाईच्या जन्माचा राग येतो. भावाने आणलेल्या चोळीचं कौतुक संपतं आणि सासुरवासाची कहाणी सुरू होते. तीही कधी कधी समोर सासूच बसलेली असताना.

सीता तर या ओव्यांत ठायी ठायी भेटते, आणि ती बहुधा राज्याभिषेकातली सीता नसते. रामाने टाकलेली, वनात एकटीने बाळंत होणारी सीता असते. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथे सीतेचं देऊळ आहे, ज्यात राम नाही. गावची आख्यायिका अशी की वनवासातल्या बाळंतिणीने गावात मूठभर गहू मागितले आणि लोकांनी दिले नाहीत. तेव्हा तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. नवऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करावा, ही ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम त्यांचीच. मूठभर धान्याचं ऋण नाकारलं तर काय होतं, ते रावेरीने इतकी वर्षं आपल्याच तोंडाने सांगितलं आहे. स्वतःच्या गावाची अब्रू घालवणारी दंतकथा जपणारं गाव मला तरी फार आवडतं.

हे सगळं आज वाचता-ऐकता येतं ते कुणीतरी वेळेवर टिपून ठेवलं म्हणून. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला. पुढे सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले. पण सगळ्यात थक्क करणारं काम हेमा राईरकर आणि फ्रान्सहून पुण्यात येऊन स्थायिक झालेले गी प्वातव्हँ यांचं. मुळशीच्या डोंगराळ भागात ते गरीब कष्टकऱ्यांमध्ये काम करत होते. बायकांना त्यांच्या आयुष्याबद्दल विचारलं की त्या सरळ उत्तर देण्याऐवजी ओवी म्हणायच्या. मग ओव्याच जमवायचं ठरलं. १९८० च्या दशकापासून पुढे हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांनी मिळून एक लाखाहून जास्त ओव्या दिल्या. बेर्नार बेल या संगीत-अभ्यासकाने संगणकावर त्यांची मांडणी उभी केली, आणि २०१७ पासून ‘पारी’ हे ग्रामीण भारताचं डिजिटल दालन त्या ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध करत आलं आहे. तोवर गावोगाव विजेच्या गिरण्या झाल्या होत्या. गिरणीने बायकांच्या खांद्यांवरचं ओझं उतरवलं, आणि ते उतरलं याबद्दल कुणी हळहळण्याचं कारण नाही. हातातून खुंटा सुटला तसं गाणंही मागे पडलं, एवढंच.

या साठ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं दालन माझ्या मते बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरचं आहे. तिथे १९९६ साली दलित बायकांनी म्हटलेल्या ओव्या मुद्रित झाल्या. साचा तोच, पहिली कुणाला आणि दुसरी कुणाला. पण मान आहे बुद्धाला, भीमरावांना, रमाबाईंना, संघाला. १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली, जुने देव घराबाहेर गेले, आणि जात्यावरच्या यादीतही त्यांची जागा बदलली. ओवी मोडली नाही, लय मोडली नाही. माहेरच्या माणसासाठी राखलेले लाडाचे शब्द त्या बायकांनी बाबासाहेबांना लावले. कधी ते भाऊ होऊन येतात, कधी घरी येणारे पाहुणे. आभार म्हणजे आहे त्या परिस्थितीला मान तुकवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या ओव्या जरूर ऐकाव्यात. यादी आपली असेल तर तिच्यातलं नाव खोडता येतं, नवं लिहिता येतं.

ऐकताना कान एका जागी ठेवा. पहिल्या बाईची ओळ संपत येते आणि दुसरी तिच्या तोंडून ती उचलते, तो सांधा. कधी दुसरी जरा घाईने शिरते, कधी शब्द बदलते, कधी पहिली ओळ विसरते तर दुसरीच ती पुरी करते. छापील संग्रहांत हे सगळं नीटनेटकं होऊन दोन ओळींत बसतं आणि ओवी एकाच बाईने रचली असावी असं वाटू लागतं. ध्वनिमुद्रणात मात्र खालून दगडाची घरघर येत असते आणि दोघी जणी असतात.