टॅब रुसतो तेव्हा...

सकाळचे साडेसहा वाजले होते. शेजारच्या वहिनी पायरीवर बसून नवाकोरा टॅब पुसत होत्या, आणि मधूनच डोळेही. वहिनी नाशिकच्या एका खासगी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेतात. पूर्वी सगळी नोंद वहीत असायची. आता ऑफिसने टॅब दिला आणि सांगितलं, नोंद ॲपमध्येच करायची. पण ॲप येईल तर ना! पडद्यावर नुसतं ‘पेंडिंग’.

"चार दिवस झाले, ताई. सर म्हणतात, बाकीच्यांना जमतं, तुम्हालाच कसं जमत नाही? तिकडे पंचवटीतले आजोबा उपाशीपोटी वाट बघताहेत." चिठ्ठ्यांवर नावं लिहून काम चाललं होतं. एकाची नळी दुसऱ्याच्या नावावर गेली तर? ही धास्ती वेगळीच.

माझी भाची हेच काम करते, म्हणून तिला फोन लावला. तिचा पहिलाच प्रश्न, "टॅब पहिल्यांदा सुरू कुणी केला?"

"माझ्या मुलाने. कौतुकाने त्याचंच जीमेल घातलं."

इथेच तर गाठ बसली होती! ऑफिसच्या टॅबची सूत्रं ऑफिसच्या कॉम्प्युटरकडे असतात. ॲप तिथूनच पाठवलं जातं. त्यासाठी टॅब कोरा असतानाच त्याची नोंदणी व्हावी लागते. घरचं खातं आधी घातलं, की पूर्ण ताबा ऑफिसकडे जात नाही. मग ऑफिसला विचारून मुलाचं खातं काढलं, टॅब पुसून पुन्हा कोरा केला आणि ऑफिसने दिलेला क्यूआर कोड स्कॅन केला. तरी ‘पेंडिंग’ जाईना. मोठं ॲप वाय-फायवरच उतरवायचं, असा ऑफिसचा नियम निघाला. ऑफिसच्या वाय-फायवर थोड्याच वेळात ॲप हजर!

मैत्रिणींनो, तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरू नका. तारीख-वेळ बरोबर आहे ना, जागा शिल्लक आहे ना, बॅटरी किंवा डेटा वाचवणारी सोय चालू राहिली नाही ना, हे आधी बघा. पडद्यावरच्या सूचनेचा फोटो काढून ऑफिसला पाठवा. ‘चालत नाही’ एवढंच सांगितलं तर समोरच्यालाही काही कळत नाही. आणि मनाने टॅब पुसू नका. न पाठवलेल्या नोंदी त्यात असतील तर त्याही जातील.

मात्र दरवेळी चूक बाईचीच, हे कशावरून? ऑगस्ट 2021मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. जेमतेम 2 जीबी रॅमचे ते फोन तापायचे, अडकायचे. दुरुस्तीचा खर्च पदरचा. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आलेलं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप तेव्हा इंग्रजीत. बाळाचं वजन करणं त्यांना वर्षानुवर्षं येतच होतं, अडलं होतं ते यंत्रापाशी. पुढे हे ॲप मराठीतही आलं. त्यांनी आवाज उठवला नसता, तर ‘बायकांना मोबाइल जमत नाही’ म्हणायला सगळे मोकळेच होते.

काल वहिनी भेटल्या. लॅबमध्ये नवीन लागलेल्या दोघींना त्या टॅब सुरू करून देत होत्या म्हणे. पहिली ताकीद कोणती दिली, सांगू?

"घरी नेऊन पोराच्या हातात देऊ नका गं!"