एक-चौदा, मामलेदार आणि प्रायव्हेट

गोव्यात सर्वणमधल्या एखाद्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. तालुका डिचोली, गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग माहीत असला की भू-अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर तो कोणीही पाहावा. कब्जेदार कोण, कूळ कोण, लागवडीखालची जमीन किती, पोटखराबा किती, सगळे उघड. पण त्यातले एक नाव बदलायचे म्हटले तर खुद्द मालकालाही म्युटेशनचा अर्ज करावा लागतो. संबंधितांना नोटिसा जातात, हरकती ऐकल्या जातात आणि मगच नोंद फिरते. १९६८च्या जमीन महसूल संहितेने ही वाट आखून दिलेली आहे.

प्रोग्रामिंगमध्ये क्लासमधला डेटा प्रायव्हेट का ठेवायचा, हेही या उताऱ्यावरून सांगता येते; पाठ्यपुस्तके मात्र हमखास बँक खाते घेतात. माझ्या मते पहिला गैरसमज तिथेच रुजतो. बँक म्हटले की गुप्तता आली, आणि मुलांच्या डोक्यात बसते की प्रायव्हेट म्हणजे लपवलेले. तोंडी परीक्षेत विचारा, दहातले आठ जण ‘सिक्युरिटीसाठी’ म्हणून मोकळे होतात.

वस्तुस्थिती अशी की प्रायव्हेट हा बंदोबस्त चोरासाठी नाही, सहकाऱ्यासाठी आहे. दुसऱ्या क्लासमधून कोणी त्या फील्डला थेट हात घातला तर कंपायलर अडवतो, एवढेच. जावात रिफ्लेक्शन वापरून तुमच्याच क्लासचे प्रायव्हेट फील्ड वाचता येते, सी प्लस प्लसमध्ये पॉइंटरची कसरत करून मेमरीपर्यंत पोचता येते. सी प्लस प्लसचे कर्ते ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे की ही सोय अपघात टाळण्यासाठी आहे, लबाडी रोखण्यासाठी नाही. पासवर्ड प्रायव्हेट फील्डमध्ये ठेवला म्हणून तो सुरक्षित होत नाही. त्याला वेगळे उपाय लागतात.

मग प्रायव्हेट हवे कशाला? एक-चौदाकडेच पाहा. लागवडीखालची जमीन अधिक पोटखराबा म्हणजे एकूण क्षेत्रफळ, हा हिशेब कधीही मोडता कामा नये. ‘उतारा’ नावाचा क्लास लिहिला आणि हे तिन्ही आकडे पब्लिक ठेवले, तर प्रोग्रामच्या कुठल्याही कोपऱ्यातून कोणीही फक्त पोटखराबा वाढवील आणि बेरीज चुकेल. ती कुठे चुकली हे शोधायला मग सगळा कोड पालथा घालावा लागेल. आकडे प्रायव्हेट असतील तर संशयित एकच, तो क्लास.

यावर लगेच पुढे येणारा समज म्हणजे, फील्ड प्रायव्हेट करून प्रत्येकाला गेटर (वाचून देणारी मेथड) आणि सेटर (बदलणारी मेथड) जोडले की काम झाले. एडिटर तर एका क्लिकमध्ये ते लिहूनही देतो. पण पोटखराबा बदलणारा सेटर जर आलेला आकडा निमूट आत टाकत असेल, तर फील्ड पब्लिक ठेवण्यात आणि यात फरक नावापुरताच. मामलेदार कचेरीत ‘आकडा बदला’ असा अर्ज नसतो. जमीन विकली, वारसा लागला, वाटणी झाली, असे काहीतरी घडलेले असते आणि त्याप्रमाणे नोंदी बदलतात. क्लासलाही ‘वाटणी करा’, ‘वारस नोंदवा’ अशी कामे द्यावीत, आकडे त्याने आपले आपण जुळवावेत.

गेटरही वाटतो तितका निरुपद्रवी नसतो. जावात कब्जेदारांच्या नावांची यादी गेटरमधून जशीच्या तशी बाहेर दिली, तर घेणारा त्या यादीत परस्पर नाव घुसडू शकतो, सेटरला पत्ताही लागत नाही. म्हणून उताऱ्याची प्रत द्यायची, मूळ वही नाही.

आणि दारावर तपासणी असली तरी ती कशाची आहे, हेही पाहावे लागते. गोव्यात खोट्या दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याची प्रकरणे इतकी वाढली की जून २०२२मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. रीतसर वाटेनेही खोटे आत शिरते. आकडा ऋण नाही एवढेच बघणारा सेटर याहून शहाणा नसतो.

लपवण्याचा दुसरा फायदा डेव्हिड पार्नास यांनी १९७२च्या निबंधात मांडला: जे पुढे बदलण्याची शक्यता आहे, ते मॉड्यूलच्या आत ठेवा. उताऱ्यावर क्षेत्रफळ हेक्टर, आर, चौरस मीटर असे येते. लोक मात्र ‘साडेबाराशे मीटर’ म्हणतात. आत तीन आकडे ठेवले काय किंवा एकच १२५० ठेवला काय, बाहेरच्याला ते कळायचे कारण नाही. उद्या पद्धत बदलली तर एकच क्लास बदलेल.

प्रायव्हेट डेटा त्या एका ऑब्जेक्टपुरता असतो, असेही अनेकांना वाटते. जावा आणि सी प्लस प्लसमध्ये हे कुंपण क्लासचे आहे. एक उतारा दुसऱ्या उताऱ्याचे प्रायव्हेट आकडे वाचू शकतो, तुलना करणाऱ्या मेथड त्यावरच चालतात. स्मॉलटॉकमध्ये मात्र खरोखरच ऑब्जेक्टपुरते.

प्रायव्हेट आणि पब्लिक यांच्यामधल्या प्रोटेक्टेडला ‘मधला सुरक्षित मार्ग’ म्हणतात, तो तसा नाही. जावात प्रोटेक्टेड फील्ड त्याच पॅकेजमधल्या सगळ्यांना खुले असते. सी प्लस प्लसमध्ये ही सोय यावी म्हणून मार्क लिंटन यांनी आग्रह धरला होता. सुमारे पाच वर्षांनी त्यांनीच आपल्या इंटरव्ह्यूज प्रकल्पात प्रोटेक्टेड डेटावर बंदी घातली, कारण चुका तिथूनच येत होत्या. पायथनमध्ये तर नावाआधीचा अंडरस्कोर ही फक्त विनंती आहे. दोन अंडरस्कोर दिले तरी नाव आतून बदलते, कुलूप लागत नाही.

राहिला वेगाचा मुद्दा. गेटरमुळे प्रोग्राम मंदावतो ही भीती आजच्या जावात बहुतेक वेळा निराधार आहे, लहान मेथड चालवतानाच जागच्या जागी मिसळल्या जातात. उलट जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या डायमेन्शन क्लासने रुंदी आणि उंची पब्लिक ठेवली. ती कोणीही बदलू शकतो, म्हणून खिडकीचा आकार विचारला की दर वेळी नवीन डायमेन्शन बनवून द्यावे लागते. जगभरचा कोड त्या फील्डना थेट हात लावत असल्यामुळे ते आता मागेही घेता येत नाही.