हातात तबक की तलवार?

कमरेवर हात दिसले की विठोबा, पायाखाली रेडा दिसला की महिषासुरमर्दिनी. खाली नाव लिहावं लागत नाही. पण सतराव्या शतकातल्या युरोपातली, म्हणजे बरोक काळातली ख्रिस्ती रेखाटनं समोर आली की आपण गोंधळतो. खुणा तिथेही असतातच. बाईजवळ मोडकं चाक असेल तर ती संत कॅथरीन. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल तिच्याच नावाचं. मोकळे केस आणि सुगंधी लेपाची कुपी म्हणजे मेरी मॅग्डालीन.

खरी पंचाईत होते ती पुरुषाचं कापलेलं मुंडकं घेतलेल्या बाईपाशी. कारण मैत्रिणींनो, अशा बाया दोन! सलोमीनं नाचून हेरोद राजाला खूश केलं आणि आईच्या सांगण्यावरून संत जॉनचं शिर तबकात मागितलं. (मागणं आईचं, बदनामी लेकीची.) दुसरी जुडिथ. ही विधवा. गावाला वेढा पडला, पुरुषांनी हाय खाल्ली, तेव्हा दासीला घेऊन ती शत्रूच्या छावणीत शिरली आणि सेनापती होलोफर्नेसचं डोकं त्याच्याच तलवारीनं उडवून शिदोरीच्या पिशवीत घालून घेऊन आली. एक कुप्रसिद्ध, दुसरी गाव वाचवणारी.

रंगीत चित्रात निदान तंबू, दासी, दागिने नीट दिसतात. रेखाटन म्हणजे चित्रकारानं मोठ्या चित्राआधी शाईनं भराभर केलेली तयारी. तबक म्हणजे एक वेलांटी, तलवार म्हणजे एक तिरकी रेघ. खालचं नाव तर बऱ्याचदा मागाहून कुणीतरी घातलेलं, त्यावर विसंबायचं कसं?

आणि दोन्ही खुणा एकत्र असल्या तर? फ्रान्चेस्को माफेई या बरोक चित्रकाराच्या एका चित्रात बाईच्या हाती तलवारही आहे आणि तबकात शिरही. तिला सलोमी म्हटलं गेलं होतं. कलेचे अभ्यासक एर्विन पानोफ्स्की यांनी 1939 च्या पुस्तकात ती जुडिथ असल्याचं दाखवलं. त्यांनी जुनी चित्रं धुंडाळली. तबक घेतलेली जुडिथ सापडली, तलवार घेतलेली सलोमी मात्र सापडेना. तलवार हा जुडिथचा मान, तो दुसरीला कोण देणार?

बोलोन्याच्या एलिसाबेत्ता सिरानीनंही जुडिथ रंगवली. अवघ्या 27 व्या वर्षी, 1665 मध्ये ती गेली. तोवर वडिलांची चित्रशाळा सांभाळत मुलींना चित्रकला शिकवत होती. कुंचला पातळ शाईत बुडवून झरझर रेखाटणारी. तिची रेखाटनं कधी बघायला मिळाली तर चेहऱ्याआधी हात बघा.