वाटसरूचे ताट

इंग्लंडातील खेड्यात प्रथमच जाणाऱ्या आपल्या माणसाला तेथील भोजनगृहाची पाटी कोड्यात टाकते. पाटीवर पांढरे हरिण, आणि आत बिअरची पिंपे! 1393 साली दुसऱ्या रिचर्ड राजाने मद्य विकणाऱ्यांना पाटी लावण्याची सक्ती केली, तपासनिसाला घर ओळखू यावे म्हणून. पांढरे हरिण हे त्याचेच राजचिन्ह होते.

आत शिरल्यावर वाढपी येईल म्हणून वाट पाहत बसू नये. बहुधा आपणच फळीपाशी जाऊन काय हवे ते सांगावयाचे असते. रविवारी दुपारी भाजलेले मांस, बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंग. एरवी पाव, चीज आणि लोणचे, म्हणजे ‘नांगऱ्याची न्याहारी’. आपल्या भाकर-कांद्याचीच ही बहीण. मात्र तिचे हे जुनाट वाटणारे नाव रूढ केले ते 1950 नंतर चीजचा खप वाढवू पाहणाऱ्या मंडळींनी, हे कळले की थोडे हसू येते.

पण खरी समजून घेण्याजोगी गोष्ट ताटाची नाही, दाराची आहे. नुसते मद्य विकणारे घर वेगळे आणि वाटसरूला जेवण व निवारा देणारे ‘इन’ वेगळे. जागा असेल आणि पाहुणा पैसे देण्यास तयार असेल, तर योग्य कारणावाचून इनच्या मालकाला त्याला परत पाठविता येत नाही, असा तेथील जुना कायदा. 1943 साली वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांना लंडनच्या एका हॉटेलाने कातडीच्या रंगामुळे राहू दिले नाही. ते न्यायालयात गेले आणि 1944 साली याच कायद्याच्या आधाराने जिंकले. भरपाई मिळाली पाच गिनी!

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. वाशिमच्या बालाजीला किंवा कारंज्याच्या गुरुमंदिराला येणारा यात्रेकरू पूर्वी कोठे जेवत असे? धर्मशाळेत त्याला निवारा मिळे. अन्न बहुधा तो स्वतःच तीन दगडांची चूल मांडून शिजवी. शिधा कोणाकडूनही घेता येई. शिजलेल्या अन्नाला मात्र शिजविणाऱ्याची जात चिकटत असे. म्हणून दान उदंड असूनही सर्वांना खुले असे जेवणघर आपल्याकडे सहसा उभे राहिले नाही. पुढे कापसाचे बाजार, कचेऱ्या आणि शाळा वाढल्या, घर सोडून राहणारी माणसे वाढली आणि खानावळी निघाल्या. पण त्यांच्याही पाटीवर पुष्कळदा पदार्थाच्या आधी जात लिहिलेली असे. पंढरपुरात गाडगेबाबांना अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधावी लागली, यावरून दारे किती बंद होती ते कळावे.

26 जानेवारी 1950 पासून राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने उपाहारगृहे आणि हॉटेले सर्व नागरिकांना खुली केली. अस्पृश्यतेच्या कारणाने तेथे कोणास अडविणे 1955 च्या कायद्याने गुन्हा ठरले. इंग्लंडात जे वाटसरूचा हक्क म्हणून शतकानुशतके रुळले, ते आपल्याकडे नागरिकाचा हक्क म्हणून आले.

एस. टी. च्या थांब्याजवळच्या साध्या खानावळीत बाकावर बसावे. ज्वारीची भाकर, वरण, वांग्याची भाजी आणि ठेचा समोर येतो. शेजारी कोण आहे हे आपण विचारीत नाही. तो फक्त मिठाची वाटी पुढे सरकवितो.