परांचीवरची माणसे आणि भिंतीवरचा कागद

ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले, त्याच समाजातल्या बिगाऱ्याचा जीव आज एका लिखित कागदावर टांगलेला आहे. मजूर-नाक्यावर माणसांशी बोलताना मला हे सारखे जाणवते. कागद इंग्रजीत असतो, साईट-ऑफिसच्या भिंतीवर असतो. घमेले घेतलेली बाई त्याच्यासमोरून परांचीकडे जाते.

लिखित कार्यपद्धती म्हणजे काय? काम कोणत्या क्रमाने करायचे, कोणी तपासायचे आणि कोणी थांबवायचे हे आधी ठरवून लिहिणे. स्लॅबचेच घ्या. खालचे टेकू कधी काढायचे? आयएस ४५६ : २००० हे भारतीय मानक सांगते : साधे सिमेंट असेल आणि गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४, सहा मीटरहून लांब तुळईला २१. आमचा गवंडी हे बोटांवर मोजतो. पण सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याच्या. भाडे दिवसागणिक चढते आणि ठेकेदार पाचव्या दिवशीच म्हणतो, 'काढा.' तिथे गवंड्याचे ज्ञान हरते, कारण त्याच्या बाजूने लिहिलेले काहीच नसते. खांबावर खडूने दोन तारखा लिहा, ओतल्याची आणि काढण्याची. आकडे तर अंगठेबहाद्दरही ओळखतो. नोटा मोजतोच ना!

कायदा काय म्हणतो? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने दहा लाखांपर्यंतचे स्वतःच्या राहत्या घराचे काम वगळले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या संहितेने ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली. दहापेक्षा कमी मजूर असलेले काम तेव्हाही बाहेर होते, आजही आहे. म्हणजे घर जितके लहान, तितका कागद पातळ. पडणाऱ्या माणसाला मात्र दुसरा मजलाही पुरतो.

आमच्या माणसांच्या सोशिकपणाचे कौतुक प्रस्थापितांनी फार केले. मला तो सोशिकपणा शरीरात नको, कामाच्या रचनेत हवा. एकाचा पाय घसरला तरी पट्ट्याचा दोर परांचीला नव्हे, वेगळ्या भक्कम आधाराला बांधलेला असावा; त्याखाली जाळी असावी; मुकादम नसला तरी 'थांबा' म्हणण्याचा अधिकार बिगाऱ्याला असावा. आणि हे सारे मराठीत, हिंदीत, जो मजूर असेल त्याच्या भाषेत, रोज सकाळी मोठ्याने वाचून दाखवावे. शिकलेल्या पोरांनी नाक्यावर एवढे काम जरूर घ्यावे.

काम थांबवले त्या दिवसाची मजुरी कोण देणार, हे मात्र मी पाहिलेल्या एकाही कागदावर लिहिलेले नव्हते.