लक्षणांच्या आधीची पंधरा वर्षं

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणं एकदा नीट लिहा, अशी एका वाचक भगिनीची मागणी आहे. दोन पाळ्यांच्या मधेच रक्त जाणं, शरीरसंबंधानंतर रक्त दिसणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग पडणं, अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं. यातलं काहीही झालं तर संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. कंबर धरणं, पायाला सूज येणं हे बरंच पुढचं.

पण या आजारात लक्षणांची वाट पाहणं म्हणजेच उशीर करणं. हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूचा संसर्ग बहुतेकींना आयुष्यात कधी तरी होतो आणि वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातोही. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्याही पेशी बिघडत बिघडत कर्करोगापर्यंत पोचायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढी मुदत देणारे कर्करोग थोडेच. या काळात बाईला काहीही जाणवत नाही, तपासणीत मात्र दिसतं.

आणि ही तपासणी कधी कधी व्हिनेगरनेही होते! पातळ ॲसेटिक ॲसिड गर्भाशयमुखाला लावून मिनिटभर थांबलं, की बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. त्या पेशींत केंद्रकं मोठी आणि दाटीने असतात, प्रथिनं जास्त असतात. आम्लाने ती तात्पुरती साकळतात, अंड्यातला पांढरा भाग गरम तव्यावर अपारदर्शक होतो तशी.

स्वस्त, सोपी, प्रशिक्षित परिचारिकेलाही जमणारी ही युक्ती. तिचं कौतुक व्हायचंच. पण ती किती जीव वाचवते? याचा हिशेब मांडला गेला तो तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी खेड्यांचे 52 गट करून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा आठ वर्षं मागोवा घेतला. काही गटांत व्हिनेगर, काहींत पॅप स्मिअर (पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), काहींत एचपीव्हीची चाचणी आणि काहींत फक्त नेहमीची आरोग्यसेवा. 2009 साली निष्कर्ष आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. व्हिनेगर आणि पॅपने लक्षणीय फरक पडला नाही. दुसऱ्या एका अभ्यासात मुंबईच्या वस्त्यांत मात्र दर दोन वर्षांनी व्हिनेगर तपासणी केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. म्हणजे व्हिनेगरही चालतं, पण एकदा लावून मोकळं होता येत नाही.

तपासणीविना ठेवलेल्या गटातल्या बायकांचं काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो गैरवाजवी नव्हता. मला त्याहून बोचतं ते पुढचं. एचपीव्ही चाचणीला प्राधान्य द्या, असं जागतिक आरोग्य संघटना आज सांगते, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत मराठवाड्यातल्या या बायकांचा वाटा आहे. आणि 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशातल्या 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी जेमतेम दोघींचीच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कुठलीही तपासणी कधी तरी झालेली!

वेळेत सापडलं तर उपचार किरकोळ असतो: बिघडलेला भाग उष्णतेने जाळणं किंवा गोठवणं, नाही तर विजेच्या तारेच्या कडीने तेवढाच तुकडा काढणं. बहुतेकदा त्याच दिवशी घरी. कर्करोग झालाच, पण छोटा असला, तर शस्त्रक्रिया. पसरत गेला तर बाहेरून किरणोपचार, सोबत सिस्प्लॅटिन हे औषध आणि आतून दिले जाणारे किरण. हे आठवडे बाईला, घराला आणि खिशालाही कठीण जातात.

एचपीव्हीच्या लसीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: ती मुलींना 9 ते 14 वयात देणं उत्तम. आईने लस घेतलेली नसेल आणि वय तिशीच्या पुढे असेल, तर मुलीला लस द्यायला नेताना स्वतःच्या तपासणीचंही तिथेच विचारावं. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तपासणी करावीच लागेल, कारण लस सगळ्या प्रकारच्या एचपीव्हीला अडवत नाही.