जुनी मिलिटरी जीप जपायची, पण हिरवी नाही

आजचा भाग जुन्या मिलिटरी जीपवर. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी बोलण्यातलं पाल्हाळ कापून इथं लिहून ठेवतोय.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गाडीवेड्या लोकांचा प्रश्न साधारण एकच असतो. "भाऊ, गावात एक जुनी मिलिटरी जीप पडून आहे. घेऊ का? आणि घेतली तर परत हिरवी करू ना?" पहिल्याचं उत्तर, कागद बघून घ्या. दुसऱ्याचं उत्तर, नाही. का, ते सांगतो.

आधी, मिलिटरी जीप म्हणजे नेमकी कोणती? दुसऱ्या महायुद्धातली खरी जीप म्हणजे विलीज एमबी आणि तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू. १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही मिळून सुमारे साडेसहा लाख बनल्या. चार सिलिंडरचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, ताकद फक्त ६० हॉर्सपॉवर. युद्ध संपल्यावर विलीजनं तीच गाडी सीजे या नावानं नागरिकांसाठी काढली, आणि आपल्याकडे महिंद्रानं परवाना घेऊन ती मुंबईत जोडायला सुरुवात केली. त्यामुळे आपल्या भागात गोठ्यात, गिरणीमागे उभी असलेली जीप बहुधा महिंद्राची निघते. त्यात कमीपणा काही नाही. वनखातं, पोलीस, सैन्य, सगळ्यांनी तीच वापरली. फक्त विकणारा "वर्ल्ड वॉरची आहे" म्हणून दुप्पट भाव सांगत असेल, तर जरा थांबा.

मी जीप बघायला गेलो की आधी समोरची जाळी बघतो. अगदी सुरुवातीच्या विलीज सोडल्या तर युद्धातल्या जीपच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, सीजेला सात. पण जाळी बदलता येते. म्हणून मग मागे जातो. युद्धातल्या जीपला मागे उघडणारं फळकं नसतं, सीजेला असतं. शेवटी गाडीखाली झोपतो. चॅसीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीसारखा असेल तर विलीज, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड. फोर्डच्या बोल्टांवर आणि सुट्या भागांवर इंग्रजी 'एफ' अक्षर कोरलेलं सापडतं. एक गंमत बघायला विसरू नका: एमबीचे हेडलाइट बिजागरीवर मागे वळतात. रात्री इंजिन उघडून काम करायचं तर त्याचाच उजेड आत पडतो.

दुसरी गाडी जोंगा. निसानच्या परवान्यानं जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली, सहा सिलिंडरची, जवळपास चार लिटरची. १९९९ ला तिचं उत्पादन थांबलं. दणकट आहे, पण पेट्रोल पाण्यासारखं पिते. तिसरी जिप्सी. तिला ताडोब्यामुळे सगळेच ओळखतात, पण सैन्यातही ती हजारोंनी होती.

आता कागद. सैन्याच्या वापरातल्या गाडीची नोंदणी आरटीओकडे नसते, संरक्षण खात्याकडे असते. तिच्या नंबरात आधी वर टोक केलेला बाण येतो, मग वर्षाचे दोन आकडे. लिलावात निघाली की तिला साधी नोंदणी लागते. त्यासाठी हवा फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला. लिलावाच्या गाडीत तो संरक्षण खात्याचा अधिकारी देतो. हा मूळ दाखला नसेल आणि आधीची आरसीही नसेल, तर तुम्ही जीप नाही, भंगार घेताय. चॅसीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा.

२०२१ पासून विंटेज नोंदणीचा वेगळा नियमही आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. म्हणजे तिच्यातून सफारी चालवायचं स्वप्न सोडा. आणखी एक मेख आहे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. आपल्याकडे पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलंय. शेतीला ती उत्तम, विंटेजसाठी अडचणीची.

आता रंग. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो, की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. लोक म्हणतात, "पुण्या-मुंबईच्या रॅलीत तर हिरव्या दिसतात!" दिसत असतील. पण गडचिरोली म्हणजे रॅलीचं मैदान नाही. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. ती गाडी खासगी होती. ज्या जिल्ह्यात रस्त्यावरची गाडी कोणाची, या प्रश्नावर माणसांचे जीव गेलेत, तिथं हौसेसाठी सैन्याचा वेश चढवलेली जीप फिरवणं मला पटत नाही. एटापल्ली-भामरागडच्या वाटेवर ती पाहून गावकऱ्याच्या किंवा नाक्यावरच्या जवानाच्या मनात काय येईल, ते आपल्या हातात नसतं.

मग ओरिजिनल कसं राहायचं? मूळ रंगाचा पुरावा ठेवा. सीटखालचा, डॅशबोर्डमागचा हातभर भाग खरवडू नका. बाकी रंग काढण्याआधी सगळीकडून फोटो घ्या, जुने आकडे, खुणा दिसल्या तर त्यांचेही. धातूच्या माहितीपट्ट्या उखडू नका. वरून मातकट, राखाडी, काहीही द्या. रंग पुन्हा देता येतो, पट्टी पुन्हा मिळत नाही.

बाकी सामानात जेरीकॅन, पाने, पाण्याची बाटली, दुरुस्तीची पुस्तिका बिनधास्त जमवा. आपण सैनिक वाटावं या हेतूनं गणवेश घालणं गुन्हा आहे. आणि जंगलात सापडलेलं नळकांडं, डबा, काडतूस, वायर, काहीही असो, उचलू नका. लांब व्हा आणि ११२ ला कळवा. आपल्या जिल्ह्यांत ती 'अँटिक' नसून जिवंतही असू शकते.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे लॉगबुक. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते, त्या भंगारात जातात. वनखात्याच्या जुन्या जीपही त्यात आल्या. गाडी कोणत्या रेंजला होती, पावसाळ्यात कुठे अडकली, वणव्याला किती फेऱ्या झाल्या, हे फक्त ड्रायव्हरच्या डोक्यात नाहीतर त्या वहीत असतं. सरकारी वही घरी न्यायची नाही, पण कार्यालयाला विचारून पानांचे फोटो मागता येतात. आणि निवृत्त ड्रायव्हरकाका गावातच असतात. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि त्यांना बोलू द्या. जीप परवडली नाही तरी हा संग्रह कुणालाही जमतो, आणि त्याला आरटीओ लागत नाही.

असं एखादं रेकॉर्डिंग केलंत तर मला पाठवा, काकांची परवानगी घेऊन पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. भेटू या, मंडळी.